दप्तराबाहेरचे कसब

भारतातील दूरध्वनीचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांनी तो बहुधा यंत्रांचा, धोरणांचा आणि मंत्र्यांचा इतिहास म्हणून लिहिला. 1882 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे पहिली केंद्रे उघडली. 1943 साली सरकारने मुंबईची खासगी टेलिफोन कंपनी ताब्यात घेतली. 1960 साली कानपूर-लखनौ दरम्यान ग्राहकाला स्वतः डायल फिरवून परगावी बोलता येऊ लागले. 1985 साली डाक व तार खात्याची फाळणी झाली आणि पुढल्याच वर्षी मुंबई-दिल्लीपुरते महानगर टेलिफोन निगम अस्तित्वात आले. हा क्रम कोणत्याही सरकारी अहवालात बिनचूक सापडतो. परंतु ही केंद्रे अहोरात्र चालती ठेवणारी हजारो माणसे नेमके काय करीत आणि कशाच्या बळावर करीत, याविषयी दप्तर जवळजवळ मुके आहे. सेवापुस्तिकेत नेमणूक, बदली, वेतनवाढ, रजा आणि शिक्षा यांना रकाने असतात. कानाला काय ओळखू येते आणि बोटांना काय उमगते, यांसाठी रकाना कोणीच आखला नव्हता.

कानाचे हे महत्त्व स्ट्रौजर पद्धतीच्या जुन्या स्वयंचलित केंद्रात विशेष प्रत्ययास येई. कॅन्सस सिटी येथील अल्मन स्ट्रौजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने 1891 साली ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्याच्या वंशातील निवडयंत्रे मुंबईतल्या केंद्रांत दालनेच्या दालने व्यापून उभी असत. ग्राहकाने एकेक आकडा फिरवला की निवडयंत्राची दांडी तितक्या पायऱ्या वर चढे, मग आडवी फिरे आणि योग्य संपर्कबिंदूवर जाऊन थांबे. अशी शेकडो यंत्रे एकाच वेळी खडखडत असताना होणारा कल्लोळ नवख्याला असह्य वाटे. पण त्यात मुरलेला मेकॅनिक, दिंडीतल्या एखाद्या टाळकऱ्याचा ठेका चुकला की विणेकऱ्याने मान वळवावी तसा, नेमक्या रांगेकडे वळे आणि अडखळणारी दांडी हुडकून काढी. चाचणीची उपकरणे होती, नाही असे नाही; परंतु पुष्कळदा त्यांचे काम मेकॅनिकच्या कानाने आधीच लावलेल्या निकालावर शिक्कामोर्तब करण्याचे असे.

ट्रंकच्या पटावर बसणाऱ्या ऑपरेटर स्त्रियांचे कसब वेगळ्या जातीचे होते. अँग्लो-इंडियन तरुणींच्या मागोमाग या नोकरीत मराठी मध्यमवर्गीय घरांतल्या मुली शिरल्या, आणि कित्येक कुटुंबांत नियमित पगार घरी आणणारी पहिली स्त्री ती हीच. डोक्याला हेडसेट, समोर दोऱ्यांचा पट, हाताशी तिकिटांचा गठ्ठा: मागणाऱ्याचा क्रमांक, हवे असलेले गाव, साधा की अर्जंट की लाइटनिंग, विशिष्ट व्यक्तीसाठी असल्यास तिचे नाव, आणि बोलणे सुरू झाल्याची व संपल्याची वेळ. तीन मिनिटे भरली की मध्ये बोलून तसे सांगायचे, आणि पलीकडे मर्तिकाची वार्ता चालली असली तरी स्वर कोरडा ठेवायचा. पर्यवेक्षिका कोणत्या क्षणी कान लावील याचा नेम नसे. शहराची गुपिते रोज कानांवरून जात असताना मौन पाळणे हा नोकरीचा दंडक होता, आणि त्या मौनाचे मोल वेतनश्रेणीत कोठेही धरलेले नव्हते.

तिसरा वर्ग केबल जॉइंटरांचा, आणि माझ्या मते या सर्वांत उपेक्षित तोच. जुन्या केबलीत तांब्याच्या तारांवर कागदाचे वेष्टण आणि सर्वांवरून शिशाचे कवच असे. कवचाला सूक्ष्म चीर पडली की पावसाळ्यात पाणी आत शिरे, कागद भिजे आणि शेकडो टेलिफोन एकदम मुके होत. मग जॉइंटर रस्त्यातल्या खड्ड्यात उतरे. आधी पाणी उपसायचे, नंतर कवच कापायचे, उकळते पॅराफिनचे मेण ओतून तारांतील ओल घालवायची, केंद्रातल्या सोबत्याच्या खुणेवरून एकेक जोडी ओळखून पीळ घालायचा, आणि अखेर ब्लोलँपच्या आचेवर शिशाचा सांधा हाताने असा फिरवून बंद करायचा की पुन्हा थेंबही आत जाऊ नये. हे चालले असता कोणाची घंटा वाजली तर सुमारे 75 व्होल्टचा झटका ओल्या बोटांतून जाई. कोणत्या फुटपाथखाली कोणती केबल वळते, जुन्या नकाशात नसलेला सांधा कोठे दडला आहे, हे या मंडळींना तोंडपाठ असे. कचेरीतले नकाशे मागाहून, आणि पुष्कळदा अपुरे, सुधारले जात.

याचा अर्थ ही सारी माणसे साधुसंत होती असा कोणी करू नये. 1980 च्या सुमारास सत्तर कोटींच्या देशात उणेपुरे 25 लाख टेलिफोन होते, अर्जदार वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत होते, आणि जेथे दुर्भिक्ष तेथे चिरीमिरी हा आपल्याकडचा शिरस्ता येथेही पाळला जात होता. दिवाळीला पोस्त मागणारा लाइनमन आणि फोन ‘चालू करून देण्याचे’ मोल सांगणारा इन्स्पेक्टर यांचा अनुभव त्या पिढीच्या घरोघरी आहे. तरी यादी लांबवणारा निर्णय लाइनमनचा नव्हता. केंद्रांची क्षमता किती वाढवायची हे दिल्लीला ठरत होते, आणि लोकांचा राग मात्र खांबावर चढलेल्या माणसाला दारात झेलावा लागत होता.

या नोकरवर्गाने संघर्षही केला. 19 सप्टेंबर 1968 च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या एकदिवसीय संपात डाक-तार खात्याची माणसे आघाडीवर होती, आणि वटहुकूम, अटक व बडतर्फी यांची झळ त्यांना सोसावी लागली. सप्टेंबर 2000 मध्ये खात्याचे निगमात रूपांतर होण्याच्या तोंडावर पुन्हा संप झाला. त्यातून पदरात पडलेली मोठी गोष्ट म्हणजे खात्यातून निगमात सामावल्या गेलेल्यांना सरकारी निवृत्तिवेतनाची हमी. 1 ऑक्टोबर 2000 रोजी भारत संचार निगम सुरू झाले, आणि काल सरकारचे असलेले नोकर आज कंपनीचे झाले.

कंपनी म्हणून त्यांना मोकळा हात मिळाला असता तर गोष्ट निराळी होती. खासगी मोबाइल सेवा 1995 पासून सुरू असताना निगमाची मोबाइल सेवा 2002 च्या ऑक्टोबरात आली, तरीही तिच्या कार्डांसाठी रांगा लागल्या. 2010 साली मात्र लिलावात ठरलेल्या दराने थ्रीजी व ब्रॉडबँड लहरींपोटी निगमाला 18 हजार कोटींहून अधिक रक्कम भरावी लागली. पुढे खासगी कंपन्या फोरजीत शिरल्या तेव्हा त्या लहरी निगमाच्या वाट्याला आल्या नाहीत. फेब्रुवारी 2019 चा पगार वेळेवर झाला नाही, तेव्हा चाळीस वर्षे महिनाअखेरीवर संसार बेतलेल्या घरांत जी चलबिचल उडाली, तिची कल्पना बाहेरच्याला येणे कठीण आहे.

त्याच वर्षी 23 ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने स्वेच्छानिवृत्तीसह पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. वयाची पन्नाशी गाठलेल्यांसाठी सूत्र असे होते की झालेल्या प्रत्येक वर्षाच्या सेवेमागे 35 दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे 25 दिवसांचा पगार द्यायचा. हिशेब चोख होता, आणि अनेकांना तो फायद्याचाही होता. हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. 31 जानेवारी 2020 रोजी भारत संचार निगमातून सुमारे 78 हजार आणि महानगर टेलिफोन निगमातून 14 हजारांहून अधिक माणसे एकाच दिवशी बाहेर पडली. सूत्रात वर्षे मोजली गेली. कोणत्या माणसाबरोबर कोणत्या रस्त्याखालची माहिती चालली आहे याची विचारपूस करण्याची, उत्तराधिकाऱ्याला चार महिने त्याच्याबरोबर फिरवण्याची तरतूद योजनेत नव्हती. बिघाड काढण्याचे बरेचसे काम त्यानंतर ठेकेदारांकडे गेले.

ठेकेदाराची माणसे आज ऑप्टिकल फायबर जोडतात. काचेचा केसाएवढा तंतू यंत्रात ठेवला की यंत्र त्याची टोके जुळवते, वितळवून सांधते आणि सांध्यात किती क्षीणता आली याचा अंदाज पडद्यावर दाखवते. तरी तंतू स्वच्छ पुसणे, काटकोनात तोडणे आणि पावसात ताडपत्रीखाली हात स्थिर ठेवणे हे माणसालाच करावे लागते. त्याची मजुरी ठेकेदाराने थकवली तर ती चुकती करण्याची जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर टाकली होती. हा कायदा पुस्तकात असतानाच, कायम नोकरांच्या पगाराला 2019 साली काही दिवसांचा उशीर झाला त्या वर्षी, निगमाचे कंत्राटी कामगार देशात ठिकठिकाणी कित्येक महिने मजुरीवाचून काम करीत होते.