मिथेन उत्सर्जन, भातशेतीतील

पाणी साचवून ठेवलेल्या भाताच्या शेतातून मिथेन हा हरितगृह वायू वातावरणात मिसळण्याची क्रिया. मानवी व्यवहारांतून निर्माण होणाऱ्या मिथेनपैकी सु. ८ टक्के भातशेतीतून येतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेन हा तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २७ पट तापकारक ठरतो. तथापि तो वातावरणात सु. १२ वर्षेच टिकत असल्यामुळे त्याचे उत्सर्जन घटविल्यास परिणाम लवकर दिसून येतो. महाराष्ट्रात या प्रश्नाचा संबंध मुख्यत्वे कोकण आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील भातक्षेत्राशी येतो.

निर्मिती : शेतात पाणी उभे राहिले, की मातीतील ऑक्सिजन काही दिवसांत संपतो. अशा चिखलात धसकटे, पालापाचोळा व न कुजलेले शेणखत यांच्या विघटनातून विशिष्ट सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. त्यातील बराचसा वायू भाताच्या मुळाखोडांतील पोकळ ऊतकांमधून बाहेर पडतो. १९९१ साली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या (नवी दिल्ली) पुढाकाराने देशभर प्रत्यक्ष मोजमापे झाली. त्यांनुसार भारतीय भातशेतीचे वार्षिक उत्सर्जन सु. ४० लक्ष टन ठरले. ते आधीच्या अमेरिकी अंदाजापेक्षा कितीतरी कमी होते. पावसावरील शेत मधूनमधून आपोआप सुकते, हे त्याचे एक कारण होय.

भंडारा जिल्ह्यातील स्थिती : वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा धान व तलाव यांसाठी प्रसिद्ध आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले अनेक तलाव पुढे ‘मालगुजारी’ वा ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले व अनेकांत गाळ साचला. रोवणीनंतर तण दबावे आणि पुढे पाण्याचा खंड पडलाच तर पीक वाचावे, म्हणून शेतकरी बांधीत पाणी धरून ठेवतो. पाणी बहुधा एका बांधीतून दुसरीत उतरते. त्यामुळे एकट्याने आपले शेत सुकविणे त्याला कठीण जाते. भर पावसाळ्यात तर ते क्वचितच शक्य होते. ओलितावरील उन्हाळी धानात मात्र त्यास अधिक वाव असतो.

उपाय : आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने (फिलिपीन्स) प्रसृत केलेल्या ‘आलटून-पालटून ओलित’ पद्धतीत शेतात सच्छिद्र नळी रोवतात. नळीतील पाणी जमिनीखाली १५ सेंमी. उतरले, की पुन्हा सु. ५ सेंमी. पाणी देतात; फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी तुटू देत नाहीत. यामुळे मिथेन सु. ३० ते ५० टक्के घटतो, पाणी वाचते व काळजी घेतल्यास उत्पादन सहसा घटत नाही. मात्र ओल-सुकीच्या फेरांत युरियापासून नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. म्हणून खताची मात्रा व वेळ सांभाळावी लागते.

सामूहिक प्रयत्न : पाण्याची पाळी ठरविणे हे पाणी वापर संस्थेचे काम आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमाने अशा संस्थांना सिंचन व्यवस्थापनाचे अधिकार दिले. पाणी खात्रीने मिळेल असा विश्वास असल्याशिवाय शेतकरी बांधीतील पाणी सोडणार नाही. त्यामुळे तलावांची दुरुस्ती व कालव्यांच्या पाळ्यांचे वेळापत्रक हेही उत्सर्जन-नियंत्रणाचेच भाग ठरतात. दुसरा दुवा भात गिरण्या, व्यापारी व खरेदीदार यांचा. आधारभूत किंमत धानाची प्रत व वजन पाहून मिळते, पाणी कसे दिले हे पाहून नव्हे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी उत्पादक, उद्योग व शासने यांना एकत्र आणणारे ‘सस्टेनेबल राइस प्लॅटफॉर्म’ स्थापन केले आणि २०१५ मध्ये शाश्वत भातलागवडीचे मानक प्रसिद्ध झाले. कार्बन-पतपत्रांचा मार्गही सुचविला जातो. परंतु मोजमापाच्या उणिवांमुळे २०२३ मध्ये ‘व्हेरा’ या नोंदणी संस्थेने भातशेतीची जुनी गणनपद्धती मागे घेतली. तेव्हा विश्वसनीय मोजणी आणि लाभातील शेतकऱ्याचा वाटा या दोन गोष्टी निश्चित झाल्याशिवाय जोखीम अल्पभूधारकावर व श्रेय इतरांकडे, अशी विषम वाटणी होण्याचा धोका राहतो.