निवृत्तीची पुंजी : खंडाने की अर्धेलीने?

नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हाती प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून एके दिवशी जी रक्कम पडते, तेवढी रक्कम त्याने जन्मात एकदम पाहिलेली नसते. तीस-पस्तीस वर्षे तो महिन्याच्या पगाराचा हिशेब करीत आलेला असतो. आता एकाएकी त्याला भांडवलाचा हिशेब करावा लागतो. पहिला हिशेब पाठ असतो, दुसरा कोणी शिकविलेला नसतो. शेजारी एक सांगतो, बँकेतला ओळखीचा माणूस दुसरे सांगतो, आणि जावई तिसरे. रक्कम मात्र एकच असते, आणि ती साठाव्या वर्षापासून पंचाऐंशीव्या वर्षापर्यंत, पत्नी मागे राहिल्यास त्याच्याही पुढे, पुरवावयाची असते.

या पैशाच्या गुंतवणुकीचे शेकडो प्रकार जाहिरातींतून आपल्यापुढे येतात; पण नावे बाजूला केली तर मुळात दोनच उरतात. ज्यांच्या घरी कधी शेती होती त्यांना ते दोन्ही ठाऊक आहेत. जमीन खंडाने द्यावी, म्हणजे पीक येवो वा बुडो, कुळाने ठरलेली रक्कम मालकाच्या हाती ठेवावी. किंवा अर्धेलीने द्यावी, म्हणजे जे पिकेल त्यातला वाटा मालकाचा. सुकाळात कणगी भरेल, दुष्काळात रिकाम्या हाताने परतावे लागेल. कूळकायद्यानंतर हे शब्द बोलण्यातून मागे पडले, पण बाजारात तेच व्यवहार चालू आहेत. रोखा, मग तो सरकारचा असो वा कंपनीचा, हा खंड होय. शेअर ही अर्धेली, आणि त्यावर मिळणारा लाभांश हा पिकातला वाटा. मुदत ठेव आणि पोस्टातल्या योजना याही खंडाच्याच जातीच्या.

खंडातही एक भेद आहे व आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. खंड रोख रकमेत ठरतो, तसा धान्यातही ठरत असे. दरसाल शंभर रुपये घेणाऱ्या मालकाचे शंभर शेवटपर्यंत शंभरच राहिले. दरसाल पाच मण भात घेणाऱ्याला भाव कितीही चढला तरी पाच मण भात मिळत राहिला. सरकारी नोकरांचे जुने निवृत्तिवेतन हा असा धान्यातला खंड आहे, कारण त्याला महागाई भत्ता जोडलेला आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत आलेल्यांना, आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र राज्याच्या नोकरीत आलेल्यांना, तो आपोआप मिळेनासा झाला. पुढे काही पर्याय पुन्हा उघडले, पण ती वेगळी कथा आहे. खाजगी कारखान्यांतील नोकरांसाठी १९९५ साली जी निवृत्तिवेतन योजना निघाली तिला महागाईची जोड मिळालीच नाही. तिच्यातील किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. ती ठरली तेव्हाही हजार रुपयांत महिना निघत नव्हता.

तेव्हा ज्यांना धान्यातला खंड नाही, त्यांनी महागाईचा विचार स्वतःच केला पाहिजे. समजा, एका गृहस्थाजवळ ५० लाख रुपये आहेत आणि ते त्यांनी शेकडा ७ व्याजाने ठेवले. वर्षाचे साडेतीन लाख, महिन्याचे २९,००० रुपये झाले. घरखर्चही नेमका तेवढाच आहे. गृहस्थ निश्चिंत होतो. मुद्दलाला हात न लावता घर चालले आहे असे तो समजतो. आता महागाई दरसाल शेकडा ६ धरा. बारा वर्षांनी तोच संसार चालविण्यास ५८,००० रुपये लागतील, चोवीस वर्षांनी १,१७,०००. व्याज मात्र २९,०००च येत राहील. बहात्तराव्या वर्षी घर अर्ध्यावर येते, चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाव हिश्श्यावर; आणि नेमक्या त्याच वयात औषधपाण्याचा खर्च वाढलेला असतो.

याचे कारण असे की, त्या सात रुपयांतील सहा रुपये हे खरे उत्पन्न नव्हतेच. शंभराच्या मुद्दलाची वर्षात जी झीज झाली, तिची ती भरपाई होती. मुद्दलाची खरेदीशक्ती राखावयाची तर ते सहा रुपये परत मुद्दलात घातले पाहिजेत. खऱ्या अर्थाने खाण्याजोगा एकच रुपया उरतो. ज्याने सातही खाल्ले त्याने व्याज खाल्ले नाही, मुद्दल खाल्ले, आणि ते त्याला कळलेही नाही. म्हातारपणी मुद्दल खाऊ नये असा काही शास्त्राधार नाही. ते त्याचसाठी साठविलेले असते. पण आपण काय खात आहोत हे ठाऊक असावे.

आता रोख्याच्या स्वभावाकडे वळू. सरकारी रोखा बुडत नाही, म्हणून त्याची किंमत हलत नाही, असे पुष्कळांना वाटते. दहा वर्षांच्या मुदतीचा, सात टक्क्यांचा, शंभर रुपयांचा रोखा आपण घेतला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात व्याजाचा दर आठावर गेला, तर आपला सातवाला रोखा शंभराला कोण घेईल? तो सुमारे ९३ रुपयांनाच खपेल. दर सहावर उतरला तर त्यालाच १०७ रुपये मिळतील. मुदत जितकी लांब तितका हा हेलकावा मोठा. मुदत संपेपर्यंत जो थांबतो त्याला शंभर मिळतात. मध्येच मोडावे लागले तर बाजार देईल ते घ्यावे लागते. यावर तोड जुनीच आहे. सगळी रक्कम एकाच मुदतीत न अडकविता, एक रोखा पुढच्या वर्षी सुटेल, एक त्याच्या पुढच्या वर्षी, अशी पायरीपायरीने मांडणी करावी. दरसाल एक रोखा सुटतो. गरज असेल तर खर्चास येतो, नसेल तर त्या वेळच्या दराने पुन्हा लागतो.

पूर्वी सरकारी रोखे हा बँका आणि विमा कंपन्यांचा प्रांत होता. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला थेट खाते उघडून देण्याची सोय केली आणि १०,००० रुपयांपासून रोखा घेता येऊ लागला. वृद्धांसाठी पोस्टात व बँकांत जी बचत योजना आहे तिची मर्यादा २०२३ साली १५ लाखांवरून ३० लाखांवर नेली गेली. बहुतेक घरांचा खंडाचा भाग एवढ्यात भागतो. धान्यातल्या खंडासारखा, महागाईला जोडलेला रोखाही रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये काढून पाहिला होता. महागाई आणि वर दीड टक्का असा त्याचा दर होता. पण व्याज हाती न पडता दहा वर्षांनी एकदम मिळावयाचे होते, त्यामुळे लोक फिरकले नाहीत. औषध बरोबर होते, बाटली उघडेना.

खाजगी कंपन्यांच्या रोख्यांविषयी थोडक्यात एवढेच की, सरकारपेक्षा दोन टक्के जास्त देणारा ते प्रेमापोटी देत नाही. २०१८ साली आयएल अँड एफएस ही संस्था देणी चुकविताना थांबली, तेव्हा तिच्या कागदांना सर्वोत्तम पतीचा शिक्का लागून होता व तो उतरण्यास केवळ काही आठवडे पुरले. शिक्का वाचावा, पण त्यावर म्हातारपण टाकू नये.

लाभांशाकडे येताना पहिला अडथळा भाषेचाच आहे. वर्तमानपत्रात छापून येते की अमुक कंपनीने ५०० टक्के लाभांश जाहीर केला. वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. पण हे टक्के शेअरच्या दर्शनी किमतीवर असतात. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर पाचशे टक्के म्हणजे १० रुपये. आणि तो शेअर बाजारात १,००० रुपयांना मिळत असेल तर आपल्या पैशावर पडले शेकडा एक. आपल्याकडील मोठ्या कंपन्यांत एक-दीड टक्का हे प्रमाण पुष्कळदा दिसते. दोन मिळाले तर बरे म्हणावे. शिवाय लाभांश ज्या दिवशी शेअरपासून सुटा होतो त्या दिवशी साधारण तेवढ्या रकमेने भाव उतरतो. केवळ लाभांश पदरात पाडण्यासाठी आदल्या दिवशी शेअर घेणारे लोक असतात. त्यांनी आपलाच रुपया या खिशातून त्या खिशात घातलेला असतो, आणि वर त्यावर कर भरलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो; त्यापूर्वी कंपनीच तो कर भरीत असे.

मग सात सोडून दोन कोणी का घ्यावे? उत्तर वरच्याच हिशेबात आहे. सातातले सहा मुद्दलाच्या झिजेपोटी होते. चांगल्या कंपनीचे मुद्दल मात्र तिच्या मालाच्या किमतीबरोबर, आणि धंदा वाढला तर त्याहून अधिक, वाढत असते; ती नफ्याचा काही भाग वाटते आणि उरलेला धंद्यात घालते. तो उरलेला भाग आपल्यासाठी कोणी तरी मुद्दलात परत टाकीत असते. लाभांश दरसाल शेकडा ८ ने वाढत गेला तर नऊ वर्षांत दुप्पट होतो, सत्तावीस वर्षांत आठपट. तेहेतिसाव्या वर्षी शंभर रुपयांवर दोन देणारा शेअर त्या हिशेबाने साठाव्या वर्षी मूळच्या शंभरावर सोळा देऊ लागतो. या वाक्यातील ‘तर’ फार मोठा आहे, हे विसरू नये.

तो ‘तर’ किती मोठा, याचे उदाहरण फार जुने नाही. एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या काळात, रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना त्या वर्षीच्या नफ्यातून लाभांश देण्यास मनाई केली. जुन्या, भक्कम बँकांचे शेअर घेऊन त्यांच्या लाभांशावर विसंबलेल्या माणसाचे एक पीक एका आदेशाने गेले. आणि कंपन्याही अमर नसतात. मुंबईच्या कापडगिरण्यांचे शेअर एके काळी ठेवण्याजोगी चीज समजली जात. १९८२ च्या संपाच्या आधीच त्यातल्या कित्येक पोखरल्या होत्या. म्हणून वीस-पंचवीस निरनिराळ्या धंद्यांत थोडे थोडे असावे, किंवा ते काम म्युच्युअल फंडाकडे सोपवावे.

अर्धेलीला खंड समजल्याने काय होते, हे महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने युनिट ट्रस्टच्या १९६४ च्या योजनेत पाहिले. १ जुलै १९६४ ला दहा रुपयांच्या युनिटाने ती सुरू झाली. दरसाल लाभांश येई, इतक्या नेमाने की लोक त्याला व्याजच म्हणत. युनिट परत घेण्याची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवी. आतल्या शेअरांची खरी किंमत काय, याच्याशी तिचा मेळ राहिला नाही. १९९८ मध्ये गंगाजळी रिती झाल्याचे बाहेर आले, पुढच्या वर्षी सरकारने आधार दिला, आणि २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने सहा महिन्यांकरिता खरेदी-विक्रीच थांबविली. लग्नासाठी, शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे अडकले. पुढे सरकारने छोट्या धारकांना किंमतीची हमी दिली आणि २००३ मध्ये धारकांना पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे घेण्याचा पर्याय दिला. अर्धेलीचा शेवटी खंड झाला. मधली तूट करदात्यांनी भरली. शेअर वाईट होते असे नव्हे. धारकाला आपण काय धरून बसलो आहोत हे सांगितले गेले नव्हते.

यातून आमचे मत असे बनले आहे. अर्धेली तरुणपणी लावावी आणि वीस-पंचवीस वर्षे तिचा लाभांश घरात न आणता त्याचे पुन्हा शेअर घ्यावेत; पंचेचाळिशीनंतर खंडाचा भाग हळूहळू वाढवावा. निवृत्तीच्या दिवशी पुढील दहा वर्षांच्या खर्चाला पुरेल एवढी रक्कम पायरीपायरीने सुटणाऱ्या रोख्यांत व ठेवींत असावी, आणि उरलेली शेअरांत राहू द्यावी, म्हणजे बाजार पडलेला असताना काही विकावे लागत नाही. ज्याला साठीत प्रथमच हा विचार सुचला, त्याने लाभांशाच्या मागे धावून सारी पुंजी शेअरांत नेऊ नये. दोन टक्क्यांवर घर चालत नाही आणि पिकाची वाट पाहण्यास त्याच्याजवळ वर्षे नाहीत. त्याने तिसरा किंवा चौथा हिस्सा तिकडे ठेवावा आणि उरलेल्या व्याजातला काही भाग, जमेल तेवढा, खर्च न करता परत लावावा.

एक गोष्ट राहिली, ती कागदांची. लाभांश सात वर्षे कोणी घेतला नाही तर तो गुंतवणूकदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी निधीकडे जातो, आणि सलग सात वर्षे न घेतल्यास शेअरही त्याच्यामागून जातात. ते परत मागता येतात, पण त्यासाठी कागद लागतात, वारसाचे दाखले लागतात आणि पुष्कळ हेलपाटे पडतात. १ एप्रिल २०१९ पासून छापील शेअरचे साधे हस्तांतरणही बंद झाले आहे. ट्रंकेत पडलेली प्रमाणपत्रे आधी डिमॅट खात्यात न्यावी लागतात. नवरा गेल्यावर कोणत्या कंपनीचे काय आहे हे बायकोला ठाऊक नाही, अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. वहीच्या एका पानावर खाते, रोख्याची मुदत आणि वारस म्हणून नोंदलेले नाव एवढे लिहावे, आणि ते पान घरात दोघांना माहीत असावे.