ब्रिटन, १९४७ : जेत्यांचं रेशनकार्ड

युद्ध जिंकून दोन वर्षं होत आली, तरी पाव रेशनवर. गंमत म्हणजे ऐन युद्धात तो कधीच रेशनवर नव्हता. ही पाळी आली जुलै १९४६मध्ये. १ जानेवारी १९४७ला कोळसाखाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि महिनाअखेरीस बर्फानं गाठलं. कोळशाच्या वाघिणी अडकल्या. फेब्रुवारीत वीजकपात, कारखाने बंद, लाखो कामगार घरी. १५ जुलैला पौंड डॉलरमध्ये बदलण्याची मुभा मिळाली, पण गंगाजळी इतकी आटली की २० ऑगस्टला ही मुभा गुंडाळावी लागली. मधल्या काळात भारतावरचं राज्यही संपलं. नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. तिच्या पोशाखालाही रेशनची कुपनं लागली! लोकांनी हौसेनं पाठवलेली कुपनं परत करावी लागली, कारण ती दुसऱ्याला देणं बेकायदा होतं.