राळ्याची पेज आणि धुतलेल्या पट्ट्या

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मलेला हा माणूस १९३८ च्या सप्टेंबरात चीनला निघाला, जपानशी लढणाऱ्या चिनी सैन्यातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. एवढं बहुतेक सोलापूरकर सांगतील. पण तिथे ते खात काय होते, झोपत कुठे होते, औषधं संपली की काय करत होते, असं कुणी पुढे विचारलं तर बोलणं अडखळतं. रणभूमीवर गेलेल्या कुणाचीही आठवण आपण दोनच टोकांनी धरून ठेवतो: निघाला तो दिवस आणि गेला तो दिवस. मधले दिवस गळून पडतात. माझं म्हणणं असं आहे, की युद्ध मुख्यतः त्या मधल्या दिवसांतच घडत असतं. ते दिवस समजून घेतले नाहीत तर सैनिकाला आपण दिलेला मान अर्धा राहतो आणि त्याच्या घराला लागणारी मदतही चुकीच्या जागी पोचते.

कोटणीस गेले त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केलं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेलं होतं. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे कोटणीस. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले कोटणीस तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. १ सप्टेंबर १९३८ ला पथक मुंबईहून बोटीने निघालं आणि या सेनेच्या येनानच्या तळावर पोचलं ते १९३९ च्या फेब्रुवारीत. म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने गेले. कँटन, हांकौ, चुंगकिंग असा तो प्रवास. शहरं एकामागून एक जपान्यांच्या हाती पडत होती आणि पथक जागा बदलत आत आत सरकत होतं. चुंगकिंगला असताना वडील गेल्याची बातमी कोटणीसांना कळली. परत फिरायला ते पुरेसं कारण होतं, कुणी नावंही ठेवली नसती. ते थांबले. लक्षात घ्या, तोवर ज्या कामासाठी आलो ते काम पुरतं सुरूही झालेलं नव्हतं. वाट बघणं, परवानगीची, वाहनाची, रस्ता मोकळा होण्याची, हा युद्धक्षेत्रातल्या माणसाचा पहिला अनुभव असतो आणि बहुधा सर्वांत लांबलेलाही.

येनानमध्ये राहायला घरं म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा. विमानं गावावर बाँब टाकून जात, म्हणून लोक आणि दवाखाने डोंगराच्या पोटात गेले होते. सोलापूरचा उन्हाळा अंगात मुरलेल्या माणसाला तिथला गोठवणारा हिवाळा काय वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. रोजचं अन्न म्हणजे राळे. हे धान्य आपल्याला परकं नाही. दख्खनच्या कोरडवाहू शेतात ते पिढ्यान् पिढ्या होत आलं आहे आणि जुन्या घरांतून राळ्याचा भात अजून आठवणीत आहे. उत्तर चीनमध्ये गरीब शेतकरी राळ्याची पेज पिऊन जगे आणि आठवी सेनाही त्यावरच चाले, इतकी की राळे आणि रायफली अशीच त्या सैन्याची ओळख झाली. जे शेतकऱ्याच्या ताटात, तेच सैनिकाच्या वाडग्यात, आणि तेच डॉक्टरच्याही. तेल, मांस, भाजी यांची चणचण कायमची. सैन्य पोटावर चालतं असं म्हणतात, पण पोटात नेमकं काय होतं हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही.

१९४० मध्ये कोटणीस आणखी पुढे, शत्रूच्या पिछाडीला असलेल्या शान्सी-चाहार-हबेई सीमाप्रदेशात गेले. इथे आघाडी नावाची सरळ रेघ नव्हती. रेल्वे आणि मोठी गावं जपान्यांकडे, डोंगर आणि खेडी आठव्या सेनेकडे. जपानी तुकड्या ठरावीक काळाने डोंगर पिंजून काढत, गावं जाळत. अशा ठिकाणी दवाखाना म्हणजे इमारत नव्हे. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत वाटून ठेवलेलं असे आणि डॉक्टर एका घरातून दुसऱ्या घरी फिरत. शस्त्रक्रिया देवळात किंवा रिकाम्या केलेल्या खोलीत होई. शत्रू निघाल्याची खबर आली की सगळं गुंडाळून डोंगर चढायचा. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी याच भागात खेचराच्या पाठीवर टाकायचं एक दुहेरी खोगीर बनवून घेतलं होतं. शेतकरी जनावराच्या पाठीवरून खत नेतात त्या टोपल्यांवरून त्यांना ते सुचलं. त्याच्या कप्प्यांत सुमारे शंभर शस्त्रक्रियांचं आणि पाचशे जखमा बांधण्याचं सामान मावे. ज्या पुलापाशी युद्धाला तोंड फुटलं त्याचंच नाव त्या खोगिराला दिलं गेलं. मला हे खोगीर कुठल्याही पुतळ्याइतकं मोलाचं वाटतं, कारण त्या आयुष्याचं सगळं गणित त्यात दिसतं: खेचराला पेलेल, निसरड्या पायवाटेवर कलंडणार नाही, आणि उतरवताक्षणी काम सुरू करता येईल, एवढंच सोबत घ्यायचं.

पट्ट्यांचंही तसंच. नाकेबंदीमुळे औषधं आणि कापूस बाहेरून येणं दुरापास्त होतं. वापरलेल्या पट्ट्या फेकून देणं परवडत नसे. रक्ता-पुवाने भरलेल्या पट्ट्या धुवायच्या, उकळायच्या, वाळवायच्या, गुंडाळायच्या आणि पुन्हा बांधायच्या. कापडाच्या गिरण्यांच्या गावातून आलेल्या या डॉक्टरला हातभर कापडाची किंमत तिथे नव्याने कळली असणार. १९४० च्या शरदातल्या मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, हे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं. पण ते तीन दिवस शक्य झाले ते त्याआधी आणि त्यानंतर कुणीतरी ओढ्यावर बसून पट्ट्या धूत होतं म्हणून, आणि शेतकरी खांद्यावर स्ट्रेचर घेऊन डोंगरवाटा तुडवत होते म्हणून.

या मधल्या दिवसांत कोटणीसांनी आणखी एक काम केलं, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. ते चिनी शिकले. नुसतं दुखणं विचारण्यापुरतं नव्हे, वर्गात शल्यशास्त्र शिकवता येईल इतकं. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ च्या जानेवारीत पहिले संचालक झाले आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. विद्यार्थी बहुतांशी खेड्यांतली मुलं. पाठ्यपुस्तकं नव्हती, म्हणून स्वतःच चिनी भाषेत लिहायला बसले. याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. त्या नावात भारत आणि चीन दोन्ही आहेत. म्हणजे युद्धक्षेत्रातही अभ्यास होता, लग्न होतं, बाळंतपण होतं, रात्री दिव्याखाली लिहिणं होतं.

आता मरणाकडे पाहू. बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी गेले. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, हातमोजे नव्हते, जंतुसंसर्ग झाला आणि रक्तात विष भिनलं. कोटणीस गेले फेफऱ्याच्या झटक्यांनी, ढासळत चाललेल्या प्रकृतीने. दोघांनाही शत्रूची गोळी लागली नाही. हा अपवाद समजू नये. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत या गावात सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य आटत गेलं, घोडे कापावे लागले. घोड्याचं मांस खाणं बहुतेक हिंदी सैनिकांना धर्मबाह्य वाटलं, ताजी भाजी मिळत नव्हती, आणि हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही पसरला. भारतातल्या धर्मगुरूंकडून खाण्याची मुभा मिळवण्यात आली, तरी कित्येकांचं मन शेवटापर्यंत धजेना. शरणागती आली ती उपासमारीपुढे. त्या सैनिकांचा रोजचा झगडा मूठभर पिठाशी होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कोटणीस डॉक्टर होते, हाती बंदूक घेतलेले सैनिक नव्हते, मग त्यांच्या आयुष्यावरून सैनिकाचं आयुष्य कसं मोजायचं? पण ते त्याच सेनेच्या गणवेशात होते, तोच शिधा खात होते, त्याच वाटा तुडवत होते. शिवाय कोणत्याही सैन्यात गोळी झाडणाऱ्याच्या मागे स्वयंपाकी, वाहनचालक, अभियंते, सिग्नलवाले, परिचारक असा मोठा वर्ग असतो आणि युद्धक्षेत्रातली तैनाती त्या सगळ्यांची असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ती गोष्ट ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची, आज हेलिकॉप्टर आहे, सॅटेलाइट फोन आहे, डबाबंद अन्न आहे. खरं आहे, आणि त्यामुळे असंख्य जीव वाचतात. तरी सियाचीन पाहा. १३ एप्रिल १९८४ पासून भारतीय जवान तिथे आहेत. नोव्हेंबर २००३ पासून तिथल्या तोफा शांत आहेत. माणसं मरायची थांबली नाहीत. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत एक आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला होता. वरच्या चौक्यांवर उणे पन्नासपर्यंत थंडी, उघड्या हाताने बंदुकीचं लोखंड धरलं तर कातडी निघून येते, पाणी हवं तर स्टोव्हवर बर्फ वितळवायचं, छोट्या निवाऱ्यात रॉकेलचा धूर, भूक मेलेली असताना मुद्दाम खायचं, चालताना एका दोरात बांधून घ्यायचं. शत्रू दिसत नसताना पाय कोरडे ठेवणं हेच तिथलं रोजचं कर्तव्य असतं.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: जेवण, पट्ट्या, पायमोजे असं बोलत बसलो तर शौर्याची शान कमी होते. मला उलट वाटतं. एका क्षणाच्या आवेगात माणूस पुष्कळ काही करून जातो. हातमोजे नाहीत हे माहीत असताना पुढच्या जखमीसाठी हात धुवायला घेणं, प्रकृती साथ देत नसताना उद्याच्या धड्याची टिपणं काढणं, हे महिनोन्महिने करत राहायला जी छाती लागते तिला आपल्याकडे पुरेसा मान नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणीसांचं नाव देशभर पोचवलं. ते ऋण मोठं आहे. पण चित्रपटाला उत्कर्षबिंदू लागतो, आणि चार वर्षांच्या कामातले बहुतेक दिवस तसे नसतात.

याचा आजच्या सोलापूर जिल्ह्याशी थेट संबंध आहे. बार्शी, मंगळवेढा, सांगोला, माढा इथल्या गावांतली मुलं आज सैन्यात आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांची पत्रं सेन्सॉरमधून जात. जपून राहिलेल्या त्या मजकुरात पुन्हा पुन्हा येतं ते पाऊस, पीक, बैल, कर्ज आणि जमिनीचे वाद. चौकीवरच्या जवानाच्या डोक्यात आजही तेच असतं: बांधावरून शेजाऱ्याशी चाललेलं भांडण, सातबाऱ्यावर रखडलेली नोंद, आईचं औषध, मुलाचा शाळाप्रवेश. जवान गेल्यावर गावात फलक लावणारे हात, तो जिवंत असताना त्याच्या घरच्यांबरोबर तलाठ्याकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारतील, तर त्या चौकीवरचा दिवस खरोखर हलका होईल.

आणखी एक विनंती आहे. जिल्ह्यातल्या अनेक घरांत जुन्या ट्रंकेत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा पत्ता असलेली अंतर्देशीय पत्रं पडून असतील. रद्दीत घालू नका. पत्रांवरच्या तारखा, पलटणीचं नाव, लिहिणाऱ्याचं गाव एका वहीत उतरवून ठेवा. आणि सुटीवर आलेला जवान पारावर भेटला, तर तिकडे जेवायला काय मिळतं, झोप किती होते, पाणी कुठून आणता, एवढं त्याला जरूर विचारा आणि तो सांगेल ते त्याच वहीत लिहून ठेवा.