बारीक अंगकाठीच्या भरवशावर राहू नका

"आमचा पोरगा काडीसारखा बारीक, त्याला कशाला शुगर होईल?" हे वाक्य आपल्या वस्त्यांत घरोघरी ऐकू येते. मधुमेह आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत या आजाराने फार त्रास दिला. पण पूर्वी बहुधा उतारवयात दिसणारा हा आजार आता विशी-तिशीतही गाठतो आहे, आणि बारीक अंगकाठी त्याला अडवत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःच्या उदाहरणावरून दाखवले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही त्यांना हेच दिसले: वजन कमी, पण इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत चरबी जास्त. आईला सकस अन्न मिळाले नाही, तर पोटातले बाळ टंचाईत जगायच्या तयारीने वाढते, असे शास्त्रज्ञ मानतात.

आपल्या आज्यांनी अर्धपोटी दिवस काढले. त्यांच्या नातवंडांच्या पोटात आज मैदा, साखर आणि तेल जाते आहे. खरा धोका इथे आहे.

सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, संध्याकाळी थंड पेय, रात्री गाडीवरचे चायनीज. पाव लिटर थंड पेयात साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. जास्तीच्या साखरेची यकृतात चरबी होते, पोटाचा घेर वाढतो आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. पाकिटातल्या खाऊतले मीठ रक्तदाब वाढवते. दोन्ही मिळून हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करतात. यात काही दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कळतही नाही.

ओळखायचे कसे? शिवणकामाची टेप घ्या आणि बेंबीच्या रेषेत पोट मोजा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर, स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा. मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला तर मळ समजून घासत बसू नका; तोही इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असू शकतो. सरकारी दवाखान्यातील नेहमीची तपासणी मोहीम ३० वर्षांपुढच्यांसाठी असते. म्हणून तरुणांनी स्वतः जाऊन तपासणी मागावी. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची सूचना. आहार आणि चालण्याने इथूनही मागे फिरता येते. १२६ किंवा जास्त आली, अथवा रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, तर डॉक्टरांना भेटा.

खर्च न वाढवताही बरेच करता येते. थंड पेयाऐवजी पाणी किंवा ताक. पाकिटाऐवजी मूठभर शेंगदाणे-फुटाणे. डब्यात भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे. ताटात भात थोडा कमी, वरण जास्त. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. दिवसभराचे मीठ माणशी एका छोट्या चमच्याच्या आत ठेवावे. पापड, लोणचे, सुकट हे सारे त्यातच धरावे. रोज अर्धा तास भरभर चालावे.

आम्ही पोरांना दोष देत नाही. पहाटे कामाला निघणाऱ्याला गाडीवरच खावे लागते. पण डब्याचा सगळा भार आईवर किंवा बायकोवर टाकूनही चालणार नाही. रात्रीच मटकी भिजत घालणे, सकाळी भाकरी थापणे पोरांनीही शिकावे. कमावत्या वयात घरातला माणूस अंथरुणाला खिळला, तर सगळे घरच बसते.