आयटीआय झाला, पण अर्ज कुठे अडतो?

पाटस, वरवंड, कुरकुंभ या पट्ट्यात बांधावर गेलं की आधी उसाचं, खोडव्याचं, पाण्याच्या पाळीचं बोलणं होतं. ते संपलं की हमखास एक प्रश्न येतो, "साहेब, पोरगं आयटीआय झालं, आता पुढं काय?" खरं तर हा विषय आमच्या खात्याचा नाही. पण ज्या घरात जमीन तीन एकर आणि मुलगे दोन, तिथे ठिबक करायचं की नाही हेसुद्धा पोराच्या नोकरीवर ठरतं. त्यामुळे हा प्रश्न शेतीचाच धरायला हवा.

आपला भाग त्या मानाने नशीबवान. जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत, तिथे मुख्यतः रासायनिक कारखाने. चौफुल्यावरून केडगाव, न्हावरामार्गे शिरूर तालुक्यात गेलं की पुढे रांजणगावची वसाहत. पाटसला भीमा साखर कारखाना, दौंडला रेल्वेचं जंक्शन. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक किंवा रासायनिक कारखान्यात लागणारा एओसीपी, यापैकी कुठलाही ट्रेड केलेला मुलगा फार दिवस घरी बसत नाही. काम मिळतं. अडचण असते ती काम कोणत्या रीतीने मिळालं याची.

निकाल लागला की ठेकेदाराचा माणूस भेटतो. "उद्यापासून ये." ओव्हरटाइम धरून हातात बऱ्यापैकी रक्कम येते, मोटारसायकलचा हप्ता सुरू होतो, घरात समाधान. त्याच वेळी कुठल्या तरी कंपनीचं अप्रेंटिसचं बोलावणं आलेलं असतं. त्यात मिळतं विद्यावेतन, म्हणजे ठेक्याच्या पगारापेक्षा कमी. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्यासाठी ते महिना किमान ७,००० रुपये ठरवलं होतं. वडील म्हणतात, एवढ्यात पेट्रोल तरी भागेल का? आणि पोरगं ठेक्यावर जातं.

माझं मत याच्या उलट आहे. पहिलं वर्ष अप्रेंटिसलाच द्यावं. हा शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. आयटीआय केलेल्याला साधारण एक वर्ष काढावं लागतं, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळतं. हा कागद पुढे जन्मभर कामाला येतो. रेल्वेचंच बघा. लेव्हल-१ च्या भरतीत, म्हणजे ज्याला जुनी माणसं अजून ग्रुप डी म्हणतात तिथे, रेल्वेच्याच आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखलेल्या असतात. दौंडसारखं जंक्शन शेजारी असताना आपल्या मुलांना हे ठाऊक नसावं, याचं वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यावी. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, शिकणारा. वर्ष संपल्यावर तीच कंपनी कायम करीलच असं नाही. कुणी तसं तोंडी सांगितलं तर ऐकून घ्यावं, पण त्यावर कर्ज काढू नये. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिपच्या संकेतस्थळावर होते. ती जमत नसेल तर ज्या आयटीआयमध्ये मुलगा शिकला तिथल्या निदेशकांना भेटावं, ते मार्ग दाखवतात.

आता दुसरा अडथळा, आणि माझ्या पाहण्यात सर्वात जास्त मुलं इथेच थांबतात. मुलगा दहावीनंतर सरळ आयटीआयला गेलेला असतो. घरच्यांच्या हिशेबी दहा अधिक दोन झाले बारा, म्हणजे बारावी झाली. पण पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, आणि आयटीआयचं प्रमाणपत्र आपोआप बारावीचं होत नाही. सकाळी पालखी मार्गावर रोटी घाटापर्यंत धावायचा सराव करणाऱ्या पोरांपैकी काहींना हे अर्ज भरायला बसल्यावरच कळतं. पाय तयार, छाती तयार, कागद नाही.

यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून बारावीला बसायचं. दुसरी म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला एनआयओएस म्हणतात. या संस्थेचा २०१६ मध्ये केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी करार झाला. त्यामुळे दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याचे ट्रेडचे गुण धरले जातात आणि मोजक्याच विषयांची परीक्षा देऊन बारावी पुरी करता येते. अप्रेंटिसचं वर्ष चालू असतानाच हे उरकावं. एकदा ठेक्याच्या रात्रपाळीत माणूस अडकला की पुस्तक उघडत नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते, आणि तेव्हाच गहू-कांद्याची काढणी असते, उसाची तोड चालू असते. त्या पंधरवड्यात घरच्यांनी पोराला मजूर धरू नये. रजेचा अर्जही महिनाभर आधी, लेखी द्यावा.

बारावीच्या पुढे पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. नोकरी करत तिथली पदवी घेता येते, आणि तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) यांसारख्या पदांना पदवीच लागते. ज्याला ट्रेडमध्येच वर जायचं आहे त्याने डिप्लोमाचं बघावं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो. तो पूर्णवेळ आहे, नोकरी सोडावी लागते. २०२३ पासून एआयसीटीईने नोकरदारांसाठी संध्याकाळच्या तुकड्यांना वाट करून दिली, पण सगळ्या कॉलेजांत त्या नाहीत. जाऊन विचारल्याशिवाय फी भरू नये.

अर्ज भरताना "शिक्षण चालू आहे" याला किंमत नसते. जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत निकाल हातात असेल तरच ती पात्रता धरली जाते. न झालेली पदवी लिहिणारा कागदपत्रांच्या पडताळणीत बाद होतो. चालू नोकरी मात्र लपवू नये. मूळ प्रमाणपत्रं तर ठेकेदाराकडे कधीच ठेवू नयेत, झेरॉक्स द्यावी. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात राहिले आणि पडताळणीची तारीख गेली, असे प्रकार झालेले आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलं आहे. ते मागून घ्यावं. अनुभव लिहायचा तर त्याला कागद लागतो.

थोडं गावच्या कारभाऱ्यांसाठीही. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल-मेमध्ये झुंबड उडते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पोराला चार खेपा घालायला लावल्या तर त्याच्या चार हजेऱ्या बुडतात. खुल्या प्रवर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी हे प्रमाणपत्र लागत नाही, ती अट २०२३ मध्येच निघाली. तरी अजून काही ठिकाणी मुलींना त्यासाठी हेलपाटे पडतात. जात पडताळणीचं प्रकरण मात्र जाहिरातीची वाट न बघता आधीच टाकलेलं बरं, त्याला वेळ लागतो.

सरकारी जाहिरातीवर किती विसंबायचं याचं एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जिल्हा परिषदेच्या भरतीची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली. मुलांनी पैसे भरले, क्लास लावले. परीक्षा झालीच नाही आणि २०२२ मध्ये ती भरती रद्द झाली. नवी जाहिरात आली २०२३ मध्ये, खुल्या गटाला एका अर्जाची फी १,००० रुपये. मधल्या चार वर्षांत जे पुण्यात खोली घेऊन नुसते बसले त्यांचं वयही गेलं आणि घरचा पैसाही. त्याच चार वर्षांत कुणी अप्रेंटिस करून, बारावी काढून, मुक्त विद्यापीठाची पदवी पुरी करू शकला असता.

फॉर्म नंबर १७ ची मुदत मंडळ दर वर्षी परीक्षेच्या बरेच महिने आधी जाहीर करतं आणि आपल्याकडे ती नेमकी खरिपाच्या गडबडीत निसटून जाते. ग्रामसभेची नोटीस लावतो त्याच फळ्यावर ही तारीख लिहायला खडूशिवाय काही लागत नाही. ज्यांची मुलं यंदा आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच काढून नाव, आडनाव, जन्मतारीख जुळते का ते पाहावं. आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर आधी तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.