स्टिअरिंगच्या दांड्याचे कुलूप

मोटारीचे स्टिअरिंग वरखाली किंवा मागेपुढे सरकवता आले, तरी गाडी चालू असताना ते जागचे हलता कामा नये. हे काम स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या, म्हणजे कॉलमखालच्या, खटक्याचे. मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात मुख्यालय असलेली डेल्फाय कंपनी असे कॉलम बनवत असे.

साध्या रचनेत खटका ओढला की कॅम फिरतो, आडवा बोल्ट ताणला जातो आणि कंस कॉलमला दोन्ही बाजूंनी आवळतात. पकड केवळ घर्षणाची असल्याने स्टिअरिंग हव्या त्या जागी थांबते. मात्र अपघाताच्या धक्क्यात ते निसटू शकते. दात्यांत दाते अडकवणारे कुलूप अधिक भक्कम, पण त्यात खरी मेख वेगळीच. दात्याच्या टोकावर टोक आले, तर खटका बसतच नाही. म्हणून काही रचनांत दातेरी ठोकळा स्प्रिंगवर बसवतात. स्टिअरिंग थोडे सरकताच तो खाचेत उतरतो. काहींत दोन बाजूंचे दाते अर्ध्या अंतराने मागेपुढे ठेवतात, म्हणजे एक बाजू तरी अडकतेच.

टक्कर झाल्यावर चालकाची छाती स्टिअरिंगवर आदळली, तर कॉलमने ठरावीक जोराने विरोध करत आत दबायचे असते. कुलूप सुटले, तर हा हिशेब बिघडतो.